नव्या वर्गाची ओळख : पहिल्या आठवड्यातील उपक्रम कोणत्या क्रमाने घ्यावेत

जूनच्या अखेरीस नागपुरातील शाळा उघडतात आणि बहुतेक वर्गांत पहिल्या तासिकेला एकच प्रकार घडतो. वर्गशिक्षक हजेरी घेतात, मग पहिल्या बाकापासून एकेकाला उभे करून नाव, आडनाव, आधीची शाळा, वडील काय करतात आणि मोठेपणी कोण व्हायचे आहे, एवढे सांगायला लावतात. ५५ विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकी ४० सेकंद धरले तरी जवळजवळ ३७ मिनिटे लागतात, म्हणजे ३५ मिनिटांची तासिका संपते तेव्हा मागच्या बाकावरची तीन-चार मुले उरलेलीच असतात. प्रत्येक मूल ४० सेकंद बोलते आणि उरलेला सगळा वेळ एक तर आपली पाळी येण्याच्या धास्तीत किंवा पाळी होऊन गेल्याच्या सुटकेत घालवते. दुसऱ्याचे नाव त्यात कोणाच्याच लक्षात राहत नाही.

ओळखीचे उपक्रम, ज्यांना हल्ली सर्रास आइसब्रेकर म्हटले जाते, फसतात ते बहुधा उपक्रम वाईट असल्यामुळे नव्हे, तर ते उलट्या क्रमाने घेतल्यामुळे. अनोळखी वर्गासमोर एकट्याने उभे राहून स्वतःविषयी बोलणे हे सर्वांत अवघड काम आपण सर्वांत आधी करायला लावतो. खरा क्रम असा असावा : आधी सगळ्यांनी मिळून न बोलता काही करावे, मग दोघांनी आपसांत बोलावे, मग चौघांनी, आणि ज्याला वाटेल त्याने सर्वांत शेवटी वर्गासमोर यावे. पुढील टप्पे याच क्रमाने मांडले असून ते मुख्यतः पाचवी आणि आठवीच्या वर्गशिक्षकांसाठी आहेत, कारण आपल्याकडे अनेक प्राथमिक शाळा चौथीला किंवा सातवीला संपतात आणि या दोन इयत्तांत निरनिराळ्या शाळांतून आलेली मुले एका छताखाली येतात.

पूर्वतयारी : शाळा उघडण्याच्या आधीचे दोन दिवस

पहिले काम हजेरीपट मोठ्याने वाचून पाहण्याचे आहे. ज्या नावाचा उच्चार नक्की माहीत नाही त्याच्यापुढे पेन्सिलीने खूण करावी आणि तो उच्चार त्या विद्यार्थ्यालाच विचारण्याचे ठरवावे. नागपूरच्या एकेका तुकडीत मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, सिंधी, बंगाली घरांतील नावे शेजारी शेजारी असतात, आणि पहिल्याच दिवशी चुकीचा उच्चार झाला की वर्ग हसतो व तोच चुकीचा उच्चार वर्षभर त्या मुलाला चिकटतो. एकाच नावाची दोन-तीन मुले असतील तर त्यांना कसे हाक मारायचे हेही त्यांच्याशी बोलून ठरवावे. ‘मोठी’, ‘छोटी’, ‘चष्मेवाला’ असली सोय शिक्षकांनी स्वतःहून करू नये.

पहिला आठवडाभर वर्गात फक्त पहिले नाव वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आडनावावरून जात हुडकण्याची सवय मोठ्यांना असते आणि पाचवीतल्या मुलांनाही ती लागलेली असते. हजेरीपटावर आडनाव असणारच, पण ओळखीच्या उपक्रमात त्याची काही गरज नाही.

दुसरे काम जागेचे. जुन्या इमारतींतील जोडबाक जड असतात आणि ते हलवण्यात दहा मिनिटे व बराच आवाज जातो. ते हलत नसतील तर बाकांमधली वाट, व्हरांडा किंवा शाळेचे सभागृह यांतून जागा निवडावी. मैदानावर भरवसा ठेवू नये. उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडत असल्या तरी पाऊस लांबला तर जूनच्या शेवटी सकाळी दहानंतर मैदानावर उभे राहवत नाही, आणि पाऊस आला असेल तर चिखलात उभे राहवत नाही. म्हणून मैदानावर घ्यायचा प्रत्येक उपक्रम वर्गात कसा घेता येईल हे आधीच ठरवलेले असावे. सभागृह किंवा व्हरांडा वापरायचा असल्यास मुख्याध्यापकांना आणि शेजारच्या वर्गशिक्षकांना आदल्या दिवशी कल्पना द्यावी; ऐन तासिकेला शेजारच्या बाईंनी दारात येऊन ‘जरा आवाज कमी’ म्हटले की वर्गाचा सगळा उत्साह विझतो.

साहित्य अगदी थोडे लागते : जाड कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे, स्केचपेन, चिठ्ठ्या, खडू, सुतळीचा गुंडा आणि भिंतीवर चालू असलेले घड्याळ. शिट्टी आणू नये. हात वर केला की सर्वांनी गप्प होऊन आपापला हात वर करायचा, ही खूण पहिल्याच दिवशी शिकवली की ती वर्षभर कामी येते.

तिसरे काम प्रश्नांच्या चाळणीचे आहे आणि नेमके तेच बहुतेक जण करत नाहीत. विद्यार्थ्यांना विचारायच्या प्रत्येक प्रश्नाला आपण स्वतः तीन प्रश्न विचारावेत. याचे उत्तर घरच्या पैशांवर ठरते का? याच्या उत्तरातून जात किंवा धर्म उघड होतो का? आई किंवा वडील नसलेल्या, आजीकडे किंवा वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला याचे उत्तर देताना अवघडल्यासारखे होईल का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले तर तो प्रश्न काढून टाकावा. या चाळणीत ‘सुटीत कुठे गेला होतास?’ हा लाडका प्रश्न पहिल्याच झटक्याला गळून पडतो, कारण एका बाकावरचे मूल महाबळेश्वरला जाऊन आलेले असते आणि शेजारच्या बाकावरचे सुटीभर आईबरोबर कामावर जात असते. ‘वडील काय करतात?’ हाही गळतो. ‘घरी कूलर आहे की एसी?’ हा प्रश्न गंमत म्हणून विचारला जातो, पण त्याचे उत्तर वर्ग फार काळ लक्षात ठेवतो. ‘घरी मटण होते का?’ हा तर कोणीच विचारू नये.

शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश घेतलेली मुले वर्गात असतील, तर ही चाळणी अधिकच काटेकोर लावावी. कोणते मूल कोणत्या मार्गाने आले हे वर्गाला कळण्याचे काहीही कारण नाही.

पडताळणी : तयारी संपल्यावर आपल्याजवळ एका पानावर प्रत्येक दिवसाचा उपक्रम, त्याला लागणारी मिनिटे आणि पावसासाठीचा पर्याय लिहिलेला असावा. हे पान नसेल तर उपक्रम ऐनवेळी सुचतील आणि सुचेल तो नेमका एकेकाला उभे करण्याचाच असेल.

टप्पा १ : दाराशी नावाचे कार्ड (पहिला दिवस)

पहिल्या दिवशी वर्गशिक्षकांनी टेबलामागे न बसता दाराशी उभे राहावे. आत येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला जाड कागदाचा एक तुकडा द्यावा आणि एकच गोष्ट सांगावी : ‘तुला वर्गात ज्या नावाने हाक मारलेली आवडेल ते यावर मोठ्या अक्षरांत लिही.’ कागद मधोमध दुमडून बाकावर उभा ठेवता येतो. ज्यांना लिहायला वेळ लागतो किंवा जे दुसऱ्या माध्यमातून आल्यामुळे मराठी लिहिताना अडखळतात, त्यांनी आपल्याला येईल त्या लिपीत लिहावे. खाली देवनागरीत नाव शिक्षकांनी लिहून द्यावे.

शिक्षकांचेही कार्ड टेबलावर असावे. मुलांना आपल्याला ‘सर’ किंवा ‘मॅडम’च म्हणायचे असले तरी आपले नाव कार्डावर पाहायला मिळाल्याचे त्यांना अप्रूप वाटते.

सावधान : नावाला विशेषण जोडण्याचा खेळ, म्हणजे ‘मस्त महेश’, ‘हुशार हर्षा’, या टप्प्यावर मुळीच घेऊ नये. चांगले विशेषण पटकन सुचले नाही की शेजारचा मुलगा वाईट विशेषण सुचवतो, वर्ग खो-खो हसतो आणि दहावीच्या निरोप समारंभापर्यंत ते टोपणनाव टिकते.

टप्पा २ : चिठ्ठीने बसण्याची जागा (पहिला दिवस, ५ मिनिटे)

मुलांना हवे तिथे बसू दिले की एका शाळेतून आलेली मुले एकत्र बसतात आणि एकटे आलेले मूल शेवटच्या बाकावर जाते. म्हणून चिठ्ठ्यांवर बाकांचे क्रमांक लिहून पहिल्या आठवड्यापुरती जागा चिठ्ठीने ठरवावी, आणि ही व्यवस्था शनिवारपर्यंतच आहे हे सुरुवातीलाच सांगावे. दृष्टी किंवा श्रवण कमी असलेल्या आणि चाकांची खुर्ची वापरणाऱ्या विद्यार्थ्यांची सोयीची जागा आधीच राखून ठेवावी आणि ते क्रमांक चिठ्ठ्यांतून काढून टाकावेत. नववीपासून पुढे मुलामुलींना एका बाकावर बसवण्याचा आग्रह धरला तर मूळ उद्देश बाजूला राहतो. तिथे रांगा मिसळल्या तरी पुरे.

टप्पा ३ : न बोलता लावलेली रांग (पहिला दिवस, १५ मिनिटे)

वर्गाचे साधारण १८ ते २० जणांचे तीन गट करावेत. प्रत्येक गटाने तोंडातून शब्द न काढता, फक्त हातांच्या खुणांनी, जन्ममहिन्याच्या क्रमाने रांग लावायची आहे. जानेवारी फळ्याच्या बाजूला, डिसेंबर दाराच्या बाजूला. वेळ पाच मिनिटे. वेळ संपल्यावर एका टोकाकडून प्रत्येकाने फक्त महिन्याचे नाव घ्यायचे. चूक निघाली तर सगळ्यांनी हसून जागा बदलायची.

हा उपक्रम पहिल्या दिवसासाठी इतका योग्य का, तर त्यात बोलायचेच नसल्यामुळे लाजाळू आणि बोलके, मराठी बोलणारे आणि हिंदी बोलणारे, असे सगळे एकाच पातळीवर येतात. सात बोटे दाखवून जुलै सांगणारा आणि नऊ बोटे दाखवून सप्टेंबर सांगणारा यांच्यात पहिला संवाद होतो, तो असा. एकाच महिन्याचे चार-पाच निघाले तर त्यांनी तारखेने क्रम लावायचा, आणि इथे सगळ्यांत जास्त गोंधळ व सगळ्यांत जास्त मजा होते.

सावधान : उंची, वजन, वय किंवा मागच्या वर्षीचे गुण यांवरून कधीही रांग लावू नये. तिन्ही गटांत ‘कोण आधी पूर्ण करतो’ अशी स्पर्धाही लावू नये, कारण मग वेगवान मुले मंद मुलांना दंडाला धरून ढकलू लागतात.

पडताळणी : रांग सुटल्यावर प्रत्येकाने आपल्या डावी-उजवीकडच्या दोघांची नावे मनात आठवून पाहावीत. आठवत नसतील तर कार्डाकडे पुन्हा पाहण्याची मुभा असावी. पहिल्या दिवशी दोन नावे कळली तर तेवढे पुष्कळ आहे. यापुढचे काहीही पहिल्या दिवशी घेऊ नये. उरलेला वेळ पुस्तके, वेळापत्रक आणि पाणी व स्वच्छतागृह कुठे आहे हे दाखवण्यासाठी ठेवावा. शेवटची गोष्ट नव्या मुलांच्या दृष्टीने कोणत्याही खेळापेक्षा महत्त्वाची असते.

टप्पा ४ : चार कोपरे (दुसरा दिवस, १० मिनिटे)

वर्गाच्या चार कोपऱ्यांना चार पर्याय द्यावेत, प्रश्न विचारावा आणि मुलांनी आपल्या पसंतीच्या कोपऱ्यात जावे. तिथे जमलेल्यांनी एकमेकांना नाव सांगायचे आणि हाच पर्याय का निवडला ते एका वाक्यात बोलायचे. जास्तीत जास्त चार प्रश्न. प्रश्न हलके आणि इथलेच असावेत : पोह्यांवर तर्री भरपूर, थोडी, वेगळ्या वाटीत की नकोच? पहिला पाऊस आला की भिजणार, खिडकीतून पाहणार, झोपणार की छत्री शोधणार? संत्र्याची फोड तशीच तोंडात टाकणार, पांढऱ्या शिरा काढून खाणार, रस करून पिणार की संत्रा बर्फीच बरी? तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल सजवणार, ओढणार, मिरवणूक पाहणार की घरीच राहणार?

बाकांमुळे फिरणे शक्य नसेल तर चार पर्यायांसाठी हाताच्या चार खुणा ठरवाव्यात आणि आपल्यासारखीच खूण केलेल्या दोघांना बसल्या जागेवरून शोधायला सांगावे.

सावधान : एखाद्या कोपऱ्यात एकच मूल उरले तर शिक्षकांनी लगेच तिथे जाऊन उभे राहावे. तो कोपरा आपलाही आहे, एवढेच म्हणावे आणि पुढचा प्रश्न घ्यावा.

टप्पा ५ : दोघांचे बोलणे (दुसरा आणि तिसरा दिवस, प्रत्येकी २० मिनिटे)

सगळ्या क्रमातला हा सर्वांत मोलाचा टप्पा आहे आणि घाईमुळे सर्वांत जास्त बिघडतो तोही हाच. पद्धत अशी :

१. शेजारच्या बाकावरच्याशी जोडी लावावी. संख्या विषम असेल तर एक गट तिघांचा करावा; शिक्षकांनी जोडीदार होऊ नये, कारण मग उरलेल्या वर्गाकडे लक्ष राहत नाही.

२. फळ्यावर तीनच प्रश्न लिहावेत. ‘कोणते काम करताना वेळेचे भान राहत नाही?’, ‘मधल्या सुटीत काय करायला आवडते?’ आणि ‘या वर्षी कोणती एक गोष्ट शिकायची आहे?’ हे तीन पाचवी ते दहावीपर्यंत चालतात.

३. पहिली दोन मिनिटे एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने फक्त ऐकायचे. मग हात वर करण्याची खूण, आणि पुढची दोन मिनिटे उलट. चार मिनिटांत वर्गातले प्रत्येक मूल दोन मिनिटे बोलून होते. एकेकाला उभे करून दोन मिनिटे बोलू द्यायचे म्हटले तर ५५ मुलांना ११० मिनिटे लागतील.

४. दोघांचे बोलून झाल्यावर एक पायरी येते आणि ती वगळली तर सगळा उपक्रम उलटतो. प्रत्येकाने जोडीदाराला विचारायचे : ‘तुझ्याविषयीची यातली कोणती गोष्ट मी दुसऱ्यांना सांगू?’ जोडीदाराने परवानगी दिलेली एकच गोष्ट पुढे सांगायची.

५. आता दोन जोड्या एकत्र बसवाव्यात आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराची ओळख समोरच्या जोडीला करून द्यावी. ‘ही आर्या. हिला सायकलची चेन बसवता येते.’ एवढे एक वाक्य पुरते. संपूर्ण वर्गासमोर ओळख करून देण्याची इथे गरज नाही.

दुसऱ्या दिवशी एका जोडीदाराबरोबर आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या बाकावरच्या दुसऱ्या जोडीदाराबरोबर हा टप्पा पुन्हा घ्यावा. प्रश्न तेच ठेवावेत. दुसऱ्या वेळी मुले जास्त मोकळी बोलतात, कारण काय सांगायचे हे त्यांना आता ठाऊक असते.

या टप्प्यात वर्गात एकदम गलका होतो. तो होऊ द्यावा. शिक्षकांनी मधून फिरावे, पण जोडीच्या डोक्यावर उभे राहू नये, आणि भाषा तर मुळीच सुधारू नये. ‘काहून’, ‘पोट्टे’, ‘इकून’ असे शब्द कानांवर येतील, अर्धे वाक्य हिंदीत जाईल, ‘मेरेको’ही ऐकू येईल. मुलांना शुद्ध प्रमाण मराठी शिकवायला पुढचे दहा महिने आहेत. या वीस मिनिटांत त्यांना फक्त बोलायचे आहे. एका मुलाचे वाक्य दुरुस्त केले की आजूबाजूच्या पाच जोड्या गप्प होतात, हे कोणत्याही वर्गात करून पाहता येईल.

सावधान : ज्या मुलाला बोलायचे नसेल त्याला ‘पास’ म्हणण्याचा हक्क सुरुवातीलाच जाहीर करावा आणि पास म्हटल्यावर ‘का रे, लाजतोस का?’ असे कोणीही विचारू नये, शिक्षकांनीही नाही. अडखळत बोलणाऱ्या मुलाला उत्तर लिहून किंवा चित्र काढून दाखवता यावे. मुलाला बळेच बोलते करणे, हसण्याचा विषय करणे, हा साधा ‘स्वभाव घालवण्याचा’ प्रकार नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केलेली आहे.

पडताळणी : तिसऱ्या दिवशी तासिका संपताना शिक्षकांनी कोणत्याही दहा मुलांना हळूच विचारावे, ‘तुझ्या दोन्ही जोडीदारांची नावे काय?’ आठांना सांगता आली तर पुढे जावे. नाही आली तर चौथ्या दिवशी हाच टप्पा पुन्हा घ्यावा आणि टप्पा ७ मधला नकाशाचा उपक्रम पुढे ढकलावा.

टप्पा ६ : नाव आणि खूण (तिसरा दिवस, १० मिनिटे)

पंधरा-पंधरा जणांची वर्तुळे करावीत. प्रत्येकाने आपले नाव घेऊन एक छोटी खूण करायची, उदाहरणार्थ चेंडू फेकल्यासारखे किंवा पोळी लाटल्यासारखे, आणि वर्तुळातल्या सर्वांनी ते नाव व ती खूण एकदा म्हणून-करून दाखवायची. साखळी लावून आधीच्या सगळ्यांची नावे क्रमाने म्हणायला लावू नयेत. अकराव्या मुलापाशी ती तुटते आणि तुटलेली साखळी त्या एका मुलाच्या माथी बसते.

टप्पा ७ : झिरो माइलभोवतीचा नकाशा (चौथा दिवस, पूर्ण तासिका)

सभागृहात किंवा व्हरांड्यात फरशीच्या मधोमध खडूने एक खांब काढावा आणि तो झिरो माइल, म्हणजे नागपुरातला अंतरे मोजण्यासाठीचा जुना दगडी खांब, समजावा. सुतळीचे चार तुकडे त्यापासून चारी दिशांना पसरावेत : उत्तरेला कामठी रस्ता, दक्षिणेला वर्धा रस्ता, पूर्वेला भंडारा रस्ता, पश्चिमेला अमरावती रस्ता. आठवीच्या वर्गाला हिंगणा, उमरेड आणि काटोल रस्तेही मुलांकडूनच मांडून घेता येतात, आणि त्यात नैऋत्य, आग्नेय, वायव्य यांची उजळणी आपोआप होते. मग शाळेच्या जागी एक डस्टर ठेवावा.

आता प्रत्येकाने आपण ज्या बाजूने शाळेत येतो त्या बाजूला उभे राहायचे आहे. अंतराचा अंदाज चुकला तरी चालतो. शेजारी उभ्या राहिलेल्यांनी एकमेकांना दोन गोष्टी सांगायच्या : येताना वाटेत दिसणारी एक खूण, आणि वाटेत सर्वांत जास्त वेळ कुठे जातो. कोणी फुटाळ्याचे पाणी सांगेल, कोणी इतवारीतली गर्दी, कोणी सीताबर्डीच्या स्थानकात ऑरेंज मार्गिकेवरून ॲक्वा मार्गिकेवर जाताना चढलेले जिने सांगेल, कोणी रेल्वे फाटक. इथे वर्गाला पहिल्यांदा कळते की रोज एकाच रस्त्याने येणारी चौघे जण आपल्यात आहेत, आणि दुसऱ्या दिवसापासून ती एकत्र येऊ लागतात. या उपक्रमाचे शाळेबाहेर टिकणारे फळ हेच आहे, म्हणून त्याला पूर्ण तासिका द्यावी.

सावधान : वस्तीचे, गल्लीचे किंवा सोसायटीचे नाव विचारू नये. इतर कोणत्याही शहराप्रमाणे इथेही वस्तीच्या नावावरून माणसाची जात आणि ऐपत मोजली जाते. दिशा आणि वाटेतली खूण एवढेच पुरते. पालकांचे वाहन कोणते हेही विचारू नये. सायकल, स्कूल बस, ऑटो, मेट्रो की पायी, यांचा तक्ता फळ्यावर मांडण्याचा मोह आवरावा. शाळेच्याच वसतिगृहात राहणारी मुले असतील तर त्यांना शाळेपाशी एकत्र उभे करून ‘वर्गाला परिसरातली कोणती एक जागा दाखवाल?’ असे विचारावे.

एक सूचना वरच्या वर्गांसाठी : हात धरून गुंता सोडवणे, डोळ्यांवर पट्टी बांधून चालवणे, मागे पडून दुसऱ्याने झेलणे, असे स्पर्शाचे खेळ या उपक्रमाबरोबर काही प्रशिक्षणांत सांगितले जातात. आठवीच्या मिश्र वर्गात पहिल्या आठवड्यात ते घेऊ नयेत. मुले ते करतात, पण मनातून आखडलेली राहतात.

टप्पा ८ : शोधा पाहू (पाचवा दिवस, २० मिनिटे)

वहीच्या पानावर नऊ चौकोन आखून प्रत्येकात एक वर्णन लिहावे : गोट्यांचा किंवा लगोरीचा नेम चांगला असलेला, महाराजबागेत एकदा तरी गेलेला, दोनपेक्षा जास्त भाषा समजणारा, पोहता येणारा, पाल दिसली तरी न घाबरणारा, चित्र काढणारा, कपड्याला बटण लावता येणारा, मारबतीची मिरवणूक पाहिलेला, सकाळी गजराशिवाय उठणारा. मुलांनी फिरून प्रत्येक चौकोनासाठी एक वेगळे मूल शोधायचे आणि त्याची सही घ्यायची. एका मुलाची सही एकाच चौकोनात, हा नियम नसेल तर सगळे जण आपल्या जुन्या मित्राकडूनच नऊ सह्या घेतात.

पहिल्या पूर्ण करणाऱ्याला बक्षीस देऊ नये. बक्षीस असले की मुले न विचारताच सही घेतात आणि बोलणे बाजूलाच राहते. संगीत खुर्चीसारखे ‘बाद’ होण्याचे खेळही याच कारणाने या आठवड्यात टाळावेत : ज्यांना खेळात ठेवण्याची सर्वांत जास्त गरज असते तीच मुले सर्वांत आधी बाहेर जातात.

उपक्रमांची छायाचित्रे काढून पालकांच्या गटात टाकण्याची हल्ली रीत पडली आहे. मुलांच्या समोर मोबाइल धरला की ती खेळत नाहीत, पोझ देतात. शाळेला नोंदीसाठी छायाचित्र हवेच असेल तर रिकाम्या नकाशाचे घ्यावे.

टप्पा ९ : वर्गाचे करार (शनिवार)

पाच दिवसांत मुलांनी एकमेकांशी बोलून घेतले की मग नियमांची वेळ येते. पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलेले नियम हे शिक्षकांचेच असतात. टप्पा ५ मधल्या चौघांच्या गटांनी ‘या वर्गात आपल्याला बरे वाटावे म्हणून काय व्हावे आणि काय होऊ नये’ यावर प्रत्येकी दोन वाक्ये लिहावीत. शिक्षकांनी सारखी वाक्ये एकत्र करून पाच-सहा करार तयार करावेत, शक्यतो मुलांच्याच शब्दांत. ‘कोणाचे नाव बिघडवायचे नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक वर्गातून येते.

वर्गासमोर एकट्याने बोलायचे असेल त्याला आता, सहाव्या दिवशी, बोलू द्यावे. हात वर करणारे पहिल्या दिवसाच्या तुलनेत बरेच जास्त असतील.

पंधरा दिवसांनंतरची तपासणी

तासिका नसताना शिक्षकांनी एका कोऱ्या कागदावर वर्गाची बसण्याची रचना काढून, हजेरीपट न पाहता, प्रत्येक बाकावरचे नाव आणि त्या मुलाविषयी कळलेली एक गोष्ट लिहावी. ज्या जागा कोऱ्या राहतात ती मुले बहुधा ना खोडकर असतात ना हुशार म्हणून नावाजलेली. त्यांना पुढच्या आठवड्यात छोटी कामे द्यावीत, जसे खडू आणणे, वाचनपेटी उघडणे, परिपाठात दिनविशेष वाचणे. मधल्या सुटीत डबा किंवा पोषण आहार घेताना कोण एकटे बसते हेही एकदा दुरून पाहून घ्यावे. वर्गात न दिसलेला एकटेपणा तिथे हमखास दिसतो.

उशिरा प्रवेश घेणाऱ्यांसाठी

प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात आणि जुलै-ऑगस्टपर्यंत नवी मुले येत राहतात. मुदतीनंतर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायदाच सांगतो. त्यांच्यासाठी सगळा आठवडा पुन्हा घेता येत नाही, पण त्यांना दारातून आत आणून ‘हा नवीन विद्यार्थी’ म्हणून फळ्यासमोर उभे करण्याचीही गरज नाही. नावाचे कार्ड त्याच दिवशी बनवून द्यावे. त्याच बाजूने शाळेत येणारी दोन मुले नकाशाच्या उपक्रमातून माहीत झालेलीच असतात. त्यांना पंधरा दिवसांचे सोबती नेमावे. एकच सोबती नेमला आणि तो गैरहजर राहिला तर नवे मूल पुन्हा एकटे पडते, म्हणून दोघे. टप्पा ५ मधील तीन प्रश्न या तिघांनी मधल्या सुटीत आपसांत घ्यावेत, आणि वर्गाचे करार नव्या मुलाला शिक्षकांऐवजी सोबत्यांनीच वाचून दाखवावेत. त्यात एखादे वाक्य त्याला घालावेसे वाटले तर ते घालण्यासाठी तक्त्याच्या खाली थोडी जागा आधीच कोरी ठेवलेली असावी.